ओकेनवेरच्या कथलाच्या नळ्या

कागद एकाच पानाचा होता. १९१७च्या फेब्रुवारीत तो आमच्या पाद्रीसाहेबांकडे आला आणि त्यांनी तो न वाचताच माझ्याकडे धाडला. ओकेनवेरमध्ये ऑर्गनचं जे काही असेल ते शाळामास्तराने बघायचं, हा जुना रिवाज. आठवडाभर पोरांना शिकवायचं आणि रविवारी चर्चमध्ये वर बसून ऑर्गन वाजवायचा. माझ्या आधी अकरा मास्तरांनी हेच केलं. मी ल्युबर्ट उबेन, बारावा.

महायुद्ध चालू होतं आणि आमच्या जर्मन सैन्याला कथील हवं होतं. ऑर्गनच्या सगळ्यात पुढच्या, लोकांना दिसणाऱ्या नळ्या जवळजवळ निव्वळ कथलाच्या असतात, तेव्हा प्रत्येक चर्चने त्या द्याव्यात असा हुकूम होता. नळ्या फार जुन्या असतील आणि जाणत्या माणसाने तसं लिहून दिलं, तर मात्र त्या वगळल्या जाणार होत्या. खाली तीन ओळींची जागा सोडलेली होती. नळ्या कोणत्या साली केल्या, कोणी केल्या, आणि त्यांचं काही विशेष मोल आहे का.

साल मला माहीत होतं. आठ वर्षांपूर्वी एक नळी आपोआप वाजत राहायला लागली होती, म्हणून मेणबत्ती घेऊन मी ऑर्गनच्या आत शिरलो होतो. तेव्हा सर्वांत मोठ्या नळीच्या पाठीवर खिळ्याने कोरलेली अक्षरं दिसली. 'योस्ट हायकेनने मला केलं. १६४८, तह झाला त्या वर्षी.' तीस वर्षं चाललेली लढाई संपली, ते हे साल. मी वाचलं, बाहेर आलो, हात धुतले आणि कोणाला काही बोललो नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंच नाही.

चर्चच्या वहीत मात्र एक वेगळी नोंद होती, १८४२ सालची. 'दर्शनी नळ्या नव्यासारख्या केल्या.' म्हणजे घासूनपुसून चकचकीत केल्या. मी त्या नोंदीवर बोट ठेवलं आणि कागदावर लिहिलं, '१८४२. करणारा अज्ञात. विशेष मोल नाही.' पाद्रीसाहेबांनी खाली सही केली. तेव्हा त्यांना दिसायलाही कमी लागलं होतं.

हे मी का केलं, ते सांगायला हवं. कारण मोठं असतं तर निदान तेवढं तरी समाधान असतं.

मास्तरकीचं शिक्षण घेत असताना ब्रेमेनला एका चर्चमध्ये मी नव्या धाटणीचा ऑर्गन ऐकला होता. त्याचा आवाज व्हायोलिनसारखा मऊ होता. पायाने एक फळी दाबली की तो हळूहळू फुगायचा आणि सोडली की धुक्यासारखा विरायचा. त्यानंतर दोन वर्षांनी मला नेमणूक मिळाली ती ओकेनवेरची. इथला ऑर्गन ना फुगायचा ना विरायचा. जे असेल ते तोंडावर बोलायचा, आमच्या बायकांसारखं. सूरही जुन्या पद्धतीने लावलेले. चारपाच पट्ट्यांत गोड वाजायचा, पण जरा पलीकडे गेलं की लांडगा गुरगुरल्यासारखा. मला आवडणारी नवी गाणी त्याच्यावर वाजवताच यायची नाहीत. तोवर बावीस वर्षं मी त्याच्यापुढे बसलो ते नावडत्या बायकोपुढे जेवायला बसावं तसा.

जुन्या काळी आमच्या या किनारपट्टीवरच्या शेतकऱ्यांकडे लोणी विकून इतका पैसा यायचा, की एका गावाने ऑर्गन केला की शेजारचं गाव हट्टाने त्याहून एक खुंटी, म्हणजे नळ्यांची एक रांग, जास्तीचा करायचं. हॅम्बर्गपासून ग्रोनिंगेनपर्यंत प्रत्येक टेकाडावर एक चर्च आणि चर्चमध्ये एक ऑर्गन. पण माझ्या पिढीच्या मास्तरांना ते सगळं अडगळ वाटायचं. मनात आलं, पुढच्या नळ्या एकदा गेल्या की उरलेला सांगाडा कोणी ठेवणार नाही. लढाई संपली की गाव नवा ऑर्गन घेईल. माझ्या आवडीचा. एवढंच कारण.

आमच्याकडे भाते तुडवायला गेस्के पोपिंगा होती. साठीची विधवा, अंगाने दणकट. ऑर्गनच्या मागे तीन मोठे भाते, त्यांच्या दांड्यांवर आळीपाळीने उभं राहून ती वारा भरायची, आणि मी वाजवत असताना मागून शेरे मारायची. गाव तिला गेस्केमावशी म्हणायचं. एका रविवारी प्रार्थना संपल्यावर तिने विचारलं, "मास्तर, पलीकडच्या गावच्या नळ्या राहणार आहेत म्हणे. मग आपल्या का नाही?"

"त्यांच्या जुन्या आहेत, मावशी. आपल्या १८४२च्या."

"माझी आजी अठराशे दहाची. ती सांगायची, तिच्या आजीने याच नळ्यांत आपलं तोंड बघून टोपी नीट केली होती."

"आजीबाई काहीही सांगतात," मी म्हणालो.

ती हसली. मास्तर म्हणतात म्हणजे तसंच असणार, असं म्हणून ती जिना उतरून गेली. कागदावरचं खोटं मी थंडपणे लिहिलं होतं. हे मात्र माणसाच्या डोळ्यांत बघून बोललो.

जुलैमध्ये हार्म रायकेना आला. हार्म हा लेअर गावचा कारागीर, ऑर्गन दुरुस्त करणारा, माझ्याच वयाचा. त्याच्या बापानेही आमचा ऑर्गन सांभाळला होता. आसपासच्या सगळ्या चर्चच्या नळ्या उतरवण्याचं काम त्याच्यावर आलं होतं. बरोबर त्याचा धाकटा भाऊ डिर्क होता, घरातलं शेंडेफळ, एकोणीस वर्षांचा. दोघांनी मिळून एकेक नळी उचलून, तान्हं मूल उचलावं तशी खाली आणली. मोठ्या नळीशी हार्म थांबला. तिची पाठ उजेडाकडे करून त्याने बोटाने अक्षरं चाचपली.

"मास्तर, इथे साल कोरलंय," तो हळू आवाजात म्हणाला.

"हो का?"

"सोळाशे अठ्ठेचाळीस. कागदावर तर वेगळंच लिहिलंय."

मी म्हणालो, "कागदावर सही झालीय, हार्म."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. डिर्क खाली अंगणात गाडीला दोर बांधत होता. हार्मने नळी उचलायला त्याला हाक मारली. गाडीत जास्त माल मावावा म्हणून नळ्या चेपून न्यायच्या होत्या. चर्चच्या अंगणात, थडग्यांमधल्या फरसबंदीवर त्याने त्या एकेक करून ठेवल्या आणि लाकडी मोगरीने सपाट केल्या. कथील मऊ असतं, फार आवाज होत नाही. गावातल्या बायका भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांतल्या निम्म्यांच्या घरातलं कोणी ना कोणी लढाईवर गेलेलं. गेस्केमावशी तेवढी पुढे झाली.

"बापाने सूर लावले आणि पोराने चेपले," ती म्हणाली. "हार्म, या हातांनी आता जेवशील कसा रे?"

हार्मने मोगरी खाली ठेवली, घाम पुसला, पुन्हा उचलली. मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो.

त्यानंतर ऑर्गनच्या तोंडावर करडं कापड लावलं. मागच्या नळ्या शाबूत होत्या, म्हणून वाजवता येत होतं. पण पुढच्या नळ्यांचा जो मुख्य आवाज, ज्याच्या आधाराने लोक गातात, तोच नव्हता. पहिल्या रविवारी भजनाला सुरुवात झाली आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळं चर्च पायरी चुकल्यासारखं ढेपाळलं. वरून मला टोप्यांच्या रांगा दिसत होत्या. काही माना मागे वळल्या, ऑर्गनकडे, आणि पुन्हा खाली गेल्या.

लढाई संपली. मग लोकांना राग काढायला कोणीतरी हवं होतं. शेजारच्या दोन गावांच्या नळ्या जागेवर आहेत आणि आपल्या गेल्या, हे त्यांना रोज दिसत होतं. सरकार दूर, कैसर पळालेला. हार्म रायकेना मात्र जवळ होता. कोणीतरी म्हणालं, यालाच जुनं-नवं कळायला हवं होतं, यानेच सरकारला द्यायच्या कथलाचं वजन भरायला आपल्या नळ्या नेल्या. ते पसरत गेलं. १९१९ साली चर्चच्या पंचांची बैठक झाली आणि ऑर्गनची देखभाल कोणाकडे द्यायची हा विषय निघाला. हार्मचं नाव येताच बोस्को एगेन नावाचा शेतकरी म्हणाला, त्या नळीचोराला चर्चच्या दारात उभा करू नका. सगळ्यांनी माना हलवल्या. मग त्याने मला विचारलं, मास्तर, तुमचं काय म्हणणं?

तोंड उघडलं असतं तर तीन वाक्यांत काम झालं असतं. मी म्हणालो, "पंच ठरवतील ते."

त्या एका वाक्याची मला कागदावरच्या तीन ओळींपेक्षा जास्त लाज वाटते. कागद लिहिताना मला वाटत होतं की मी एका ऑर्गनचं नुकसान करतोय. या वेळी नुकसान माणसाचं होतं, हे मला पक्कं कळत होतं.

एका गावाने नाकारलं की दुसरं नाकारतं. दोन वर्षांत या पट्ट्यातलं एकही चर्च हार्मला बोलवेना. तो लेअरला पत्र्याच्या चुलींची धुराडी करायला लागल्याचं कानावर आलं. आमच्याकडे परक्या गावचा कोणी येऊन जस्ताच्या स्वस्त नळ्या बसवून गेला. त्यांचा आवाज थंडीत पत्र्याला हात लागावा तसा. नव्या ऑर्गनचं स्वप्न तर नोटांना रद्दीची किंमत आली त्या वर्षी सगळ्यांच्या बचतीबरोबरच वाहून गेलं.

त्याच हिवाळ्यात शाळेच्या कपाटातून मी एक जुनी वही काढली. माझ्याआधीच्या चौथ्या की पाचव्या मास्तरने नकलून ठेवलेले वादनाचे तुकडे होते त्यात, सतराव्या शतकातले, या किनाऱ्यावरच्या जुन्या वादकांचे. तरुणपणी मी ते चाळले होते आणि बोटांचा व्यायाम म्हणून बाजूला टाकले होते. आता काही दुसरं नव्हतं म्हणून वाजवायला घेतले. आणि हळूहळू डोक्यात उजेड पडला. ते तुकडे मऊ आवाजासाठी नव्हतेच. एक आवाज ठाम बोलतो, दुसरा त्याला अडवतो, तिसरा खालून पायाने दुजोरा देतो. चारपाच गोड पट्ट्यांतच ते फिरतात, आणि एखादा मुद्दाम त्या लांडग्याच्या तोंडाशी जाऊन, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणून परत येतो. मला जे दोष वाटत होते ते सगळे धरूनच हे रचलं होतं. आणि प्रत्येक तुकड्यात मुख्य आवाज कोणाचा, तर पुढच्या नळ्यांचा.

माझं कोणाशीच बोलणं उरलं नाही. बायको विचारायची, डोकं दुखतंय का. मी हो म्हणायचो.

१९२७च्या मे महिन्यात हॅम्बर्गहून डॉक्टर रुडेलोफ आले. तिशीतले, चष्मेवाले, सायकलवरून गावोगाव हिंडून जुन्या ऑर्गनांची मापं घेणारे. नव्या पिढीला जुन्या आवाजाचं वेड लागलं होतं. ते दिवसभर ऑर्गनच्या आत रांगत होते. बाहेर आले तेव्हा डोक्याला कोळिष्टकं आणि चेहरा फुललेला. म्हणाले, आतलं सगळं योस्ट हायकेनचं काम आहे, त्याच्या हातचे असे दोनच ऑर्गन उरलेत. मग त्यांनी विचारलं, "पुढच्या नळ्या १८४२च्या होत्या असं सरकारी कागदात आहे. मला पटत नाही. ते कोणी ठरवलं?"

गेस्केमावशी सत्तरीची झाली होती, तरी भात्यांवर तीच असायची. ती दांडीला टेकून ऐकत होती.

मी म्हणालो, चर्चच्या वहीत तशी नोंद आहे. वही आणून दाखवली. डॉक्टरांनी वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अच्छा, चुकीचा अर्थ लावला गेला. घाईत होतं असं. तुम्हाला दोष नाही देत."

किती सहज माफ केलं त्यांनी. त्या माफीने मला जे झालं ते हार्मच्या मोगरीनेही झालं नव्हतं. दोन दिवस मी वर्गात पोरांसमोर खडू हातात धरून उभा राहत होतो. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. शाळा सुटल्यावर सायकल काढली आणि लेअरला गेलो.

हार्मचं दुकान नदीकडच्या गल्लीत होतं. दाराशी धुराड्याच्या काळ्या नळ्या उभ्या केलेल्या. त्याचे केस पूर्ण पिकले होते. त्याने मला ओळखलं, आत बसवलं आणि चहा ठेवला. खडीसाखरेवर चहा पडून ती तडकली, त्याने वर साय सोडली. मग मी सगळं सांगून टाकलं. साल मला आधीच माहीत होतं हे, ब्रेमेनचा ऑर्गन, पंचांच्या बैठकीतलं ते वाक्य.

त्याने मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाला, "मास्तर, मला काय नवीन सांगितलंत? तुम्ही सही झालीय म्हणालात ना, तेव्हाच मला कळलं होतं."

"मग तुम्ही का बोलला नाहीत? दहा वर्षं लोकांनी तुम्हाला चोर म्हटलं."

"डिर्क," तो म्हणाला. "नळ्या उतरवायचं काम होतं तोवर त्याला लढाईवर पाठवणार नव्हते. मी बोललो असतो तर चौकशी, काम बंद, आणि पोरगा फ्लँडर्सच्या आघाडीवर. म्हणून मोगरी उचलली. तर मी काही साव नाही. पण माझ्या गप्प बसण्यातून एक माणूस वाचला. डिर्कला आज चार मुलं आहेत. तुमच्या गप्प बसण्यातून काय मिळालं?"

त्याने माझ्या पेल्यात दुसऱ्यांदा चहा ओतला. आमच्याकडे पाहुण्याला तीन पेले देतात. तिसरा त्याने दिला नाही. मी उठलो तेव्हा दारापर्यंत आला आणि म्हणाला, "ज्याला माहीत आहे त्याला सांगून मोकळं होणं सोपं असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्याकडे जा."

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रार्थना संपली, शेवटचं भजन झालं, आणि मी नेहमीसारखं निरोपाचं वाजवायच्या ऐवजी खाली उतरून वेदीसमोर उभा राहिलो. नवे तरुण पाद्री गोंधळले. मी म्हणालो, बसा, मला सांगायचंय. आणि सांगितलं. साल, कागद, मी कशासाठी केलं ते. हार्म रायकेनाचा काही दोष नव्हता, आणि मला ते ठाऊक असून मी त्याला दोषी ठरू दिलं, हेही. डिर्कबद्दल मात्र बोललो नाही. ते माझं नव्हतं.

कोणी ओरडलं नाही. बोस्को एगेनने टोपी घातली आणि बाहेर गेला, त्याच्यामागे बाकीचे. माझी बायको बाकावर तशीच बसून राहिली, मांडीवरच्या भजनाच्या पुस्तकाकडे बघत. सगळे गेल्यावर गेस्केमावशी वरून उतरली. एकेक पायरी, कठड्याला धरून.

"त्या माणसाला मी भर अंगणात बोलले," ती म्हणाली. "बाजारात बोलले. त्याची बायको समोर आली की थुंकले. तुझ्या शब्दावर, ल्युबर्ट. मास्तर म्हणतात म्हणजे तसंच असणार, असं धरून."

"मावशी..."

"मला मावशी म्हणू नकोस. आता या वयात मी त्याच्या दारात जाऊन काय सांगू, ते तेवढं शिकव. मास्तर आहेस ना."

तिने मला तोवर कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या आठवड्यात ती खरंच लेअरला गेली, दुधाच्या गाडीवर बसून. हार्म तिला काय म्हणाला ते तिने कोणाला सांगितलं नाही. माझ्यासाठी मात्र ती पुन्हा भात्यांवर चढली नाही, आणि दुसरं कोणी चढायला तयार नव्हतं. मी वादकाचं काम सोडलं. वरच्या अधिकाऱ्यांनी चौकशी केली, ठपका ठेवला, शाळा तेवढी निवृत्तीपर्यंत राहू दिली. रस्त्यात लोक टोपीला हात लावायचे, पण थांबायचे नाहीत. बायकोने एकदाच विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हणालो, तुला सांगितलं असतं तर तू सांगायला लावलं असतंस. ती म्हणाली, "म्हणून तर विचारते."

पंचांनी हार्मला पत्र पाठवलं. तो आला नाही. दुसरं पत्र बोस्को एगेन स्वतः घेऊन गेला, तेव्हा वर्षभराने आला. डॉक्टर रुडेलोफांनी हॅम्बर्गची काही मंडळी गोळा केली, शेतकऱ्यांनीही हात सैल सोडला, आणि पुढच्या नळ्या पुन्हा कथलाच्या करायचं ठरलं. नळ्या ज्या फळीत उभ्या असायच्या तिच्या भोकांवरून त्यांची जाडी कळत होती, लाकडातल्या खाचांवरून उंची. हार्मने दोन वर्षं खपून त्या केल्या. धुराड्यांचं दुकान त्याने मेहुण्याला दिलं.

१९३१च्या सप्टेंबरात नळ्या बसल्या. आता प्रत्येक नळीचा ओठ किंचित वाकवून, कापून तिला बोलतं करायचं होतं. मापांवरून नळी करता येते, पण आवाज मापात नसतो. एका दुपारी हार्मने निरोप पाठवला, मास्तरांना या म्हणावं. चार वर्षांनी मी चर्चचा तो जिना चढलो. डॉक्टर पट्ट्यांपुढे बसले होते, हार्म नळ्यांमागे, हातात चाकू. गेस्केला खुर्ची दिली होती. भात्यांवर बोस्कोची सून होती.

"तुम्ही बावीस वर्षं वाजवलात," हार्म म्हणाला. "आणि त्या जुन्या नळ्यांचा आवाज जवळून ऐकलेला दुसरा वादक जिवंत नाही. ऐका आणि सांगा."

डॉक्टरांनी एक सूर धरला. ठाम, उजळ, किंचित धारदार. हार्म माझ्याकडे बघत होता. "असाच होता का?"

मी डोळे मिटले. बावीस वर्षांचे रविवार आठवायचा प्रयत्न केला. आठवलं ते ब्रेमेन. आठवला माझा कंटाळा, बोटांना लागणारी थंडी, केव्हा संपतंय याची घाई. तो आवाज कानावरून हजार वेळा गेला असेल, पण मी एकदाही त्याला आत येऊ दिलं नव्हतं. हो म्हणायला एक क्षण पुरला असता, आणि त्यांनी विश्वासही ठेवला असता.

"मला आठवत नाही," मी म्हणालो. "मी कधी ऐकलाच नाही."

हार्मने मान हलवली. तो रागावला नाही, आश्चर्यही दिसलं नाही त्याच्या चेहऱ्यावर. मग खुर्चीतून गेस्केचा आवाज आला.

"एवढं टोचायचा नाही तो. सुरुवातीला जरा 'ह' म्हटल्यासारखा यायचा, आणि मग भरायचा. मागे उभं राहिलं की पायाला कळायचं."

हार्मने नळीचा ओठ केसभर हलवला. डॉक्टरांनी पुन्हा सूर धरला. ती नाही म्हणाली. आणखी एकदा. संध्याकाळपर्यंत असं चाललं होतं, एकेका नळीसाठी, आणि तिला विचारल्याशिवाय हार्मने चाकू लावला नाही. मला कोणी जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिलो आणि ऐकत होतो.